निळ्या पडद्याचा पंचनामा

४ मार्च

प्रिय भाऊजी,

फोनवर बोलायला गेलं की तुमचे दादा मधेच "त्याला विचार, जेवला का" म्हणून तोंड घालतात आणि कामाचं तेवढं राहून जातं. म्हणून लिहितेय.

तुमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आमच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात बसलं, तेव्हा सुरुवातीला झकास चाललं. साहेबांनी मला बोलावून शाबासकीसुद्धा दिली. कारण निवडीच्या बैठकीत "माझ्या दिराची कंपनी आहे, काम चोख असतं" असं छातीठोकपणे सांगणारी मीच होते.

आता मी सांभाळते ती कॉम्प्युटरची मशिनं पडायला लागली आहेत. अडकत नाहीत, सरळ पडतात. फोन चालू असतो, समोरचा माणूस पत्ता सांगत असतो आणि पडदा एकदम निळा होतो. मशीन परत उठेपर्यंत फोन घेणाऱ्यांनी काय करायचं? सध्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवलेत. पत्ता खरडायचा आणि वायरलेसच्या टेबलाकडे बघून ओरडायचं. नुसता मासळी बाजार झालाय. साहेब जाता-येता माझ्याकडे असं बघतात, जणू मी घरून चिखल आणून त्यांच्या गालिच्यावर टाकलाय.

सगळ्यात जास्त पडतं ते मैनेचं मशीन. मैना म्हणजे आमची सगळ्यात जुनी फोनवाली. तिच्या आवाजाने रडणारा माणूस अर्ध्या वाक्यात शांत होतो, म्हणून हे नाव. माझी तिथली मैत्रीण म्हणाल तर तीच.

पंखे साफ केले, अपडेट घातले, व्हायरस शोधून झाला. मशीन पडताना शेवटच्या क्षणी जे लिहून ठेवतं, त्या डंप फाइली सोबत जोडल्या आहेत. त्यातलं मला अर्धंमुर्धं कळतं. दर वेळी वेगळ्याच कुणाचं तरी नाव निघतंय. जरा नजर टाका.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

दादाला सांगा, जेवलो.

फाइली बघितल्या. दर वेळी वेगळं नाव येणं हे मेमरी खराब असल्याचं नेहमीचं लक्षण. तुमची मशिनं काही तरुण राहिलेली नाहीत. मेमरीच्या पट्ट्या बदलून घ्या.

एक मात्र मनातून काढून टाका. आमच्या सॉफ्टवेअरने मशीन पडत नाही, पडूच शकत नाही. साधा प्रोग्राम हा भाडेकरू असतो. त्याने आपल्या खोलीत कितीही आदळआपट केली तरी फार तर त्याची खोली खराब होईल, इमारत कोसळत नाही. इमारत कोसळली तर कुणीतरी खांबाला हात घातलेला असतो. तेव्हा लोकांनी आपापल्या मशीनवर गुपचूप काय काय चढवलंय तेही बघा. गाणी, खेळ, कुठून कुठून उतरवलेली खेळणी. नव्वद टक्के वेळा चोर तिथेच सापडतो.

आणि साहेबांचं मनावर घेऊ नका. माझ्या परीक्षेच्या दिवसांत तुम्ही घरातला टीव्ही कापडाने झाकून ठेवायचात आणि दादा कुरकुरला की त्यालाच बाहेर फिरायला पाठवायचात. तुमच्यासाठी एवढं बघणार नाही का मी?

तुमचा भाऊजी


२ एप्रिल

प्रिय भाऊजी,

मेमरी बदलली. गुण नाही.

मग तुमच्या सांगण्यावरून टेबलाटेबलाची झडती घेतली. एकाने पत्त्यांचा डाव लपवला होता. एकीने चहाच्या सुट्टीसाठी गजर लावून ठेवलाय. मैनेच्या मशीनवर मात्र वेगळंच निघालं. अक्षरं मोठी करून दाखवणारा आणि वाचून दाखवणारा एक प्रोग्राम. विचारलं तर बाई खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसली. म्हणाली, "कुणाला बोलू नकोस गं. माझं मधलं दिसणं जायला लागलंय. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं होतं."

ती नंबर तपासायला आपल्याच चष्म्याच्या दुकानात येते. म्हणजे तुमच्या दादांना ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचं घरी बोलायचं नाही हा त्यांचा नेम. मलाही कधी कळू दिलं नाही.

तो प्रोग्राम तिच्या एका कानात हळू आवाजात पत्ता वाचून दाखवतो. ती ऐकून खात्री करते आणि मग नोंद पुढे पाठवते. तिच्या हातून चुकीची गाडी चुकीच्या दारी गेल्याचं मला तरी आठवत नाही. डोळे धड असलेल्यांच्या हातून गेलेली आठवते. पण साहेबांना समजलं तर तिला त्याच दिवशी घरी बसवतील. घरी आहे कोण, तर अंथरुणाला खिळलेली आई.

हे फक्त तुम्हाला सांगतेय, तेही मशीनचं कारण सापडावं म्हणून. तो प्रोग्राम काढून टाकू का? काढला तर ती काम कसं करणार, आणि ठेवला तर मशीन पडणार. काय करू ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं.

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे.

प्रोग्राम काढू नका. काढलात तर मशीन पडायचं थांबेल कदाचित, पण मूळ कारण कधीच हाती लागणार नाही. ते मशीन पडताना पूर्ण मेमरी लिहून ठेवेल अशी सोय चालू करा. कशी करायची ते खाली लिहिलंय. अजून दोन-चार वेळा पडू द्या आणि फाइली थेट मला पाठवा. कंपनीच्या तक्रारपेटीत टाकू नका, तिथे सगळं कुजत पडतं.

तोवर तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, निर्धास्त काम कर.

भाऊजी


२१ एप्रिल

भाऊजी,

एक माणूस गेला.

दुपारची वेळ होती. एका बाईचा फोन मैनेकडे आला. नवऱ्याच्या छातीत कळ येतेय, घामाने अंग भिजलंय. मैनेने पत्ता घेतला, तिला धीर दिला, नोंद पाठवायचं बटण दाबलं आणि म्हणाली, "गाडी निघाली. फोन ठेवा, दार उघडं ठेवा." बटण दाबलं त्याच क्षणी पडदा निळा झाला. मैनेला ते कळेपर्यंत ती बाई फोन ठेवून मोकळी झाली होती.

मशीन परत उठलं तेव्हा नोंद नव्हती. फोन नंबरही नव्हता. मैनेला गल्ली आठवत होती, पाण्याच्या टाकीची खूण आठवत होती, पण घराचा क्रमांक पुसला गेला होता. मैना उभी राहून ओरडली, "टाकीच्या मागे पाठवा, कुणालाही विचारा, पण पाठवा." गाडी गेली आणि टाकीच्या मागच्या गल्ल्यांतून घिरट्या घालत राहिली. त्या बाईने वाट पाहून पुन्हा फोन लावला तेव्हा कुठे घर सापडलं. तोवर सगळं संपलं होतं.

मैना अजून टेबलाशी बसून होती. हेडफोन कानातच. मी काढायला गेले तर माझा हात झटकून म्हणाली, "वाजेल ना परत."

तिला निलंबित केलंय. चौकशी समिती नेमली आहे. ही फाइल पाठवतेय, पूर्ण मेमरीची. तुम्हाला हवी होती ना? आता तरी सांगा काय सापडलं.

वहिनी


३० एप्रिल

वहिनी,

वाचून फार वाईट वाटलं. शब्द सापडत नाहीत.

प्रकरण चौकशीत असल्यामुळे आता कंपनीकडून सगळी उत्तरं कायद्याच्या विभागामार्फतच जातील. मी स्वतंत्रपणे काही लिहिणं योग्य होणार नाही. तुम्हीही या विषयावर लेखी काही पाठवू नये असं मला वाटतं. तुमच्याच भल्यासाठी सांगतो.

तब्येत सांभाळा. दादाला नमस्कार.

भाऊजी


१९ मे

भाऊजी,

तुमच्या कंपनीचा अहवाल समितीपुढे आला. मला वाचायला दिला, कारण मशिनं माझ्या ताब्यात. त्यात लिहिलंय: "संबंधित कर्मचाऱ्याने दृष्टिदोष लपवण्यासाठी अनधिकृतपणे बसवलेल्या वाचन-प्रोग्राममुळे ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली."

दृष्टिदोष! तो माझ्या साहेबांना ठाऊक नव्हता. समितीला ठाऊक नव्हता. कक्षातल्या कुणालाही नव्हता. मला होता, तुमच्या दादांना होता आणि मी ज्यांना लिहिलं त्यांना होता. दादांनी तोंड उघडलं नाही. मी उघडलं, ते तुमच्यापाशी.

मग मी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. स्टोअररूममध्ये एक पडून असलेलं मशीन मांडलं. कोरी ऑपरेटिंग सिस्टिम, तीवर फक्त तुमचं सॉफ्टवेअर. मैनेच्या प्रोग्रामचा मागमूस नाही. शेजारच्या खोलीतून फोन करायला सफाईच्या मावशींना बसवलं. मावशी सुनेची गाऱ्हाणी रंगात येऊन सांगत होत्या. मी सिस्टिमसोबत येतं ते साधं गजराचं घड्याळ लावलं. गजर वाजला, मी नोंद पाठवली, पडदा निळा. पुन्हा केलं, पुन्हा निळा. गजर बंद ठेवला तर मावशी थकल्या पण मशीन पडलं नाही.

मग ड्रायव्हरांवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात शिरून आवाज, पडदा वगैरे चालवणाऱ्या प्रोग्रामांवर, कडक पहारा बसवायची जी सोय असते ती चालू केली. तिच्यात मेमरीतल्या परक्या जागेत लिहिणारा जागच्या जागी पकडला जातो. या वेळी नाव बदललं नाही. पकडला गेला तो तुमचा, फोन रेकॉर्ड करणारा ड्रायव्हर. आवाजाची वाट आपल्या एकट्याच्या मालकीची आहे असं धरून तो चालतो. दुसऱ्या कुणी तेवढ्यात आवाज केला की हा शेजाऱ्याच्या जागेत लिहून मोकळा होतो. मरतो शेजारी, आणि फाइलीत नाव येतं ते मेलेल्याचं. म्हणून दर वेळी नाव वेगळं होतं. मेमरीच्या पट्ट्यांचा काही संबंध नव्हता.

साधा प्रोग्राम इमारत पाडू शकत नाही हे तुम्ही खरंच लिहिलं होतं. खांबाला हात तुमच्याच माणसाने घातला होता, एवढं लिहायचं राहिलं.

मार्चमध्ये तुम्हाला पाठवलेल्या फाइली मी परत उघडल्या. पडण्याआधी जे जे चालू होतं त्यात प्रत्येक फाइलीत तो ड्रायव्हर आहे. मला उशिरा का होईना दिसला. तुमचा तर हा रोजचा धंदा. तुम्हाला दिसला नव्हता?

हे सगळं मी समितीला देतेय. तुमचं एप्रिलचं पत्रही देतेय, "अजून दोन-चार वेळा पडू द्या" हे.

वहिनी


२३ मे

वहिनी,

कृपा करून हे पूर्ण वाचा.

तो ड्रायव्हर मी लिहिलेला नाही. लिहिणारा नोकरी सोडून गेला आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. मार्चमध्ये मला फक्त शंका आली होती. वर सांगितलं तर म्हणाले, पुरावा आण, तोवर ग्राहकाला कबुली द्यायची नाही. मी पुरावाच गोळा करत होतो. तुमच्याकडून फाइली मागितल्या त्या त्यासाठीच. दुरुस्तीही सुरू केली होती. इतका वाईट योग येईल असं कुणाला वाटलं होतं?

अहवालातले शब्द माझे नाहीत, कायदेवाल्यांचे आहेत. त्यांनी विचारलं की त्या मशीनवर वेगळं काय होतं, मी सांगितलं. न सांगून कसं चाललं असतं? आणि रागावू नका, पण तिचे डोळे अधू आहेत हे खोटं आहे का? अशा माणसाने अशा खुर्चीत बसावं का? आज ना उद्या काहीतरी झालंच असतं.

ते पत्र समितीला देऊ नका. तांत्रिक काय ते द्या, मी अडवत नाही. पण ते पत्र मी कंपनीला नाही, वहिनीला लिहिलं होतं. ते बाहेर आलं तर मला या क्षेत्रात कुणी दारात उभं करणार नाही. दादाने माझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्याला हे कळलं तर तो कोलमडेल. घरातली गोष्ट घरातच राहू द्या.

तुमचाच,
भाऊजी


२८ जून

भाऊजी,

समितीचं काम आटोपलं. तुम्हाला बातमी लागलीच असेल, पण आत काय झालं ते माझ्याकडून ऐका.

मी स्टोअररूममधलं मशीन उचलून समितीच्या टेबलावर नेलं. गजर लावला, फोन लावला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाडून दाखवलं. म्हटलं, "दोष ड्रायव्हरचा आहे." अध्यक्षांनी कागद चाळले आणि विचारलं, "पण गाडीचा ड्रायव्हर तर वेळेवर निघाला होता ना?" मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने परत विचारलं, "मग त्या ड्रायव्हरवर काय कारवाई केली?" हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं.

तुमच्या कंपनीचे सूटवाले अगदी नम्र होते. म्हणाले, बाईंनी केलेली चाचणी आम्ही गांभीर्याने घेतो, पुढच्या आवृत्तीत सुधारणा करू. तुमचं पत्र मी दिलं. त्यांनी अध्यक्षांच्या कानात काही सांगितलं आणि अध्यक्षांनी ते उलटं करून माझ्याकडे सरकवलं. "हा खासगी कौटुंबिक पत्रव्यवहार आहे, समिती तो विचारात घेऊ शकत नाही." म्हणजे तुम्ही म्हणत होतात तेच झालं. घरातलं घरातच राहिलं.

मैनेला विचारलं, "पडद्यावर 'पाठवलं' असं आलं होतं का?" ती म्हणाली, "बटण दाबलं होतं." "आलं होतं का, एवढं सांगा." ती म्हणाली, "नाही." झालं. निर्णयात दोन कारणं लिहिली: परवानगीशिवाय प्रोग्राम बसवला आणि खात्री न करता गाडी निघाल्याचं सांगितलं. तिला काढून टाकलं. ड्रायव्हरचा उल्लेख शेवटच्या पानावर, "इतर निरीक्षणे" या मथळ्याखाली आहे.

मला बढती नाही आणि शिक्षाही नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही जरा भावनेच्या भरात गेलात."

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लिहितो. दादा विचारत होता, "हिचं तुझ्याशी काही बिनसलंय का?" मी म्हटलं, कामाचा ताण असेल.

नवी आवृत्ती तुमच्याकडे पोचली असेल. रेकॉर्डिंगचा भाग आम्ही मुळापासून नव्याने लिहिला. त्या कामाची सूत्रं माझ्याकडे होती आणि ते वेळेत पार पडलं म्हणून आता तो सगळा विभागच माझ्याकडे आलाय. तुम्ही गजराची जी युक्ती केली होती ती इथे सगळ्यांना फार आवडली. नव्याने रुजू होणाऱ्यांना आम्ही आता तीच शिकवतो. तुमचं नाव घेता येत नाही, पण माझ्या मनात असतं.

झालं गेलं विसरून जाऊ या. तुमच्या मैत्रिणीसाठी कुठे काही काम बघता आलं तर मी जरूर शब्द टाकीन. तुम्ही दोघं थोडे दिवस इकडे राहायला या. बदल होईल.

भाऊजी


२२ जुलै

भाऊजी,

नवी आवृत्ती मीच सगळ्या मशीनवर चढवली. चालते. गजर लावून बघितला, गाणं लावून बघितलं, मैनेचा वाचन-प्रोग्रामही लावून बघितला. पडत नाही. तिच्या रिकाम्या खुर्चीत बसून तपासलं हे सगळं.

गेल्या रविवारी मैना म्हणाली, "मला त्या बाईंकडे जायचंय. त्यांना वाटत असेल मी झोपा काढत होते." मी नको म्हणत होते. मग म्हटलं, जाऊ या. मशीनचं खरं काय ते मी सांगीन, निदान एका माणसाला तरी पूर्ण सांगीन. शिवाय तिला एकटीला जिन्याच्या पायऱ्या दिसल्या नसत्या.

टाकीच्या मागे दुसऱ्या मजल्यावर घर आहे. गेलेला नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता. बाईंनी दार उघडलं. मैना म्हणाली, "त्या दिवशी फोनवर..." एवढ्यावरच त्या म्हणाल्या, "आवाजावरून ओळखलं. या." पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या भाषेत. माणसाच्या हातून चूक झाली नाही, एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या जागेत लिहिलं म्हणून मशीन पडलं आणि पत्ता गेला. सगळं ऐकून त्या मैनेला म्हणाल्या, "खालच्यांनी टेम्पो काढला होता. दोघं जण यांना उचलायला वर आले होते. मीच म्हटलं, नका हलवू, त्यांची गाडी निघाली आहे."

मैना उठून उभी राहिली. त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी थांबवलं. तुमचा दोष असं नाही म्हणत मी. पण थांबवलं मी." आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. मैनेचा हात धरून जिन्याच्या कठड्यावर त्यांनीच ठेवला.

तेव्हापासून मैना फोन उचलत नाही. मी दारावर गेले तर आतून तिच्या आईचा आवाज येतो, तिचा नाही.

तुम्ही शब्द टाकणार आहात म्हणे तिच्यासाठी. टाकू नका.

काल मी दुकानात गेले आणि तुमच्या दादांना सगळं सांगितलं. गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंत थांबले, मग शटर अर्धं ओढलं. तुमची पत्रं वाचायला दिली, तर चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "तूच वाच." मी वाचली. कोलमडले वगैरे नाहीत. काउंटरवरच्या चौकटी एकेक पुसून परत जागेवर ठेवत राहिले. मग एकच विचारलं, "मैनेचे डोळे अधू आहेत हे त्याने लिहून दिलं, तेव्हा मशीन कशाने पडतं ते त्याला माहीत होतं का?"

मी म्हटलं, ते मला विचारू नका.

आज संध्याकाळी ते तुम्हाला फोन करणार आहेत. एवढंच विचारतील. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शेजारीच बसलेली असेन.

वहिनी